निलगिरी तेल: उपयोग कुठे, धोका कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात निलगिरी तेलाची बाटली कायम असते. सर्दी-खोकल्याला तिचा खरोखर किती उपयोग होतो, दीड वर्षाच्या मुलाच्या छातीला तेल लावलं तर चालेल का, गरम पाण्यात दोन थेंब टाकून प्यायल्याने कफ सुटतो हे खरं का, आणि घरकामात ते आणखी कशाला वापरता येईल?

मुलाचं उत्तर आधी देतो, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. दीड वर्षाच्या मुलाला निलगिरी तेल लावू नका. छातीला नको, पाठीला नको, तळपायाला नको, रुमालावर शिंपडून उशाशीही नको. आणि पिण्याबद्दलचं उत्तर लहानथोर सगळ्यांना एकच आहे: बाटलीतलं तेल पोटात घ्यायचं नाही, एक थेंबसुद्धा नाही. कारणं पुढे येतीलच. पण हे बजावून सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. निलगिरी हे काही नुसत्या समजुतीवर चाललेलं औषध नाही. त्यातल्या मुख्य घटकावर रीतसर चाचण्या झाल्या आहेत, आणि मी स्वतः श्वसनाच्या रुग्णांना काही बाबतींत ते वापरायला सांगतो. फक्त कोणाला, कुठे आणि किती, हे नीट ठरवून.

आधी बाटलीत काय आहे ते पाहू. निलगिरीचं ताजं पान उजेडासमोर धरलं तर त्यात सुईने टोचल्यासारखे असंख्य बारीक, पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या इवल्या पिशव्या. पान चुरगाळलं की त्या फुटतात आणि तो ओळखीचा उग्र वास सुटतो. तेल काढताना पानांमधून पाण्याची वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल उडून येतं, वाफ थंड झाली की पाण्यावर तरंगतं आणि वरच्या वर काढून घेतलं जातं. बिया दाबून काढलेलं खाद्यतेल वेगळं आणि हे वेगळं. हे पानातल्या उडून जाणाऱ्या रसायनांचं अतिशय तीव्र मिश्रण आहे, आणि त्याच्याशी वागताना खाद्यतेलाची सवय विसरावी लागते.

निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि बहुतेक मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या. औषधी तेलासाठी सर्वांत प्रसिद्ध झाली ती युकॅलिप्टस ग्लोब्युलस. जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने १८५०च्या दशकात मेलबर्नजवळ निलगिरीचं तेल व्यापारी प्रमाणावर काढायला सुरुवात केली, त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्युलर यांचं प्रोत्साहन होतं. पुढे १८७०मध्ये क्लोएझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तेलातला मुख्य घटक ओळखून त्याला युकॅलिप्टॉल असं नाव दिलं. आज त्याला १,८-सिनिओल म्हणतात. औषधी दर्जाच्या तेलात सिनिओल किमान ७० टक्के असावं लागतं. म्हणून बाटली घेताना लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि शक्यतो सिनिओलचं प्रमाण पाहा. लिंबासारख्या वासाची जी निलगिरी असते तिच्या तेलात सिनिओल अगदी थोडं आणि सिट्रोनेलाल नावाचं दुसरं रसायन भरपूर असतं. वाफाऱ्यासाठी ते तेल उपयोगाचं नाही, त्याचा विषय डासांच्या वेळी येईल.

आता नाक. निलगिरी हुंगली की चोंदलेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे आणि तो खोटा नाही. पण नाकात नेमकं काय घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या नाकाच्या अस्तरात थंडावा ओळखणारे चेतातंतू असतात. श्वासाबरोबर आत जाणारी हवा या तंतूंना गार लागते आणि त्यावरून मेंदू ठरवतो की हवा नीट आत जाते आहे. पुदिन्यातलं मेन्थॉल आणि निलगिरीतलं सिनिओल याच तंतूंना जागं करतात. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना कापूर, निलगिरी आणि मेन्थॉल यांची वाफ हुंगायला देऊन नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा यंत्राने मोजला. अडथळा तसूभर कमी झाला नाही, पण लोकांना मात्र हवा जास्त येते असं स्पष्ट जाणवलं. म्हणजे अस्तराची सूज तशीच राहते, बदलते ती जाणीव.

यावर काही जण म्हणतात, मग ही फसवणूकच झाली. मला तसं वाटत नाही. सर्दी आठवड्याभरात आपोआप बरी होणार असते. तोवर रात्री झोप लागणं, तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा न पडणं, हाच आराम माणसाला हवा असतो. तो जर रुमालावरच्या एका थेंबाने मिळत असेल तर मोठ्या माणसाने तो जरूर घ्यावा. फक्त यातून एक गोष्ट ध्यानात ठेवायची: नाक मोकळं वाटलं म्हणजे आजार बरा होत चालला असं नाही. दम लागत असेल, छातीत घरघर असेल, ताप उतरत नसेल, तर निलगिरीच्या त्या सुखद गारव्यावर विसंबून दवाखाना पुढे ढकलू नका.

वाफाऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण निलगिरीचा सर्वांत जास्त वापर तिथे होतो आणि अपघातही तिथेच होतात. नुसत्या गरम वाफेने सर्दी लवकर बरी होते का, यावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तर ठाम फायदा दिसत नाही. बरं वाटतं, शेंबूड पातळ होऊन निघतो, इतकंच म्हणता येतं. उलट बाजूला भाजण्याचा धोका खराखुरा आहे. मांडीवर ठेवलेलं भांडं कलंडतं, डोक्यावर टॉवेल घेतलेलं मूल दचकून मागे सरतं आणि उकळतं पाणी पोटावर, मांड्यांवर सांडतं. अशी भाजलेली मुलं पाहिल्यावर मी मुलांना वाफारा देऊ नका, असं सरळ सांगू लागलो. मोठ्या माणसाला घ्यायचाच असेल तर पाणी उकळून गॅस बंद करावा, दोन-चार मिनिटं थांबावं, जड बुडाच्या रुंद भांड्यात ते ओतून भांडं टेबलावर मधोमध ठेवावं, आणि मग त्यात तेलाचा एक थेंब टाकावा, फार तर दोन. तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तवंगासारखं पसरतं आणि पहिल्या काही श्वासांतच बहुतेक सगळं उडून वर येतं. म्हणूनच पाच-सहा थेंब टाकले की डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. डोळे मिटून, चेहरा वीतभर तरी लांब ठेवून पाच मिनिटं पुरेत. उकळत्या पाण्याची दगदगच नको असेल तर कागदी रुमालावर एक थेंब टाकून तो शेजारी ठेवला तरी जवळजवळ तोच आराम मिळतो, आणि मला तोच मार्ग जास्त पसंत आहे.

नेब्युलायझरच्या यंत्रात निलगिरी तेल घालू नका. काही घरांत हे होतं आणि ते फार धोक्याचं आहे. ते यंत्र औषधाचे सूक्ष्म तुषार थेट फुप्फुसाच्या आतल्या भागापर्यंत पोचवतं. तिथे तेल गेलं तर न्यूमोनियासारखी सूज येऊ शकते. नाकात तेलाचे थेंब सोडणंही याच कारणासाठी टाळा.

दमा असलेल्यांनी विशेष काळजी घ्यायला हवी. कोणताही उग्र वास दम्याच्या काही रुग्णांची श्वासनलिका आवळतो, निलगिरीही त्याला अपवाद नाही. एखाद्याला तिने बरं वाटतं, दुसऱ्याला त्याच वासाने उबळ येते. पूर्वी कधी अत्तराने, उदबत्तीने किंवा रंगाच्या वासाने छाती भरून आली असेल तर निलगिरीच्या वाटेला जाऊ नका.

इथे एक मुद्दा येतो जो अनेकांना परस्परविरोधी वाटेल. शुद्ध सिनिओलच्या कॅप्सूल मिळतात आणि त्यांच्यावर जर्मनीत चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटातून स्टेरॉइड घ्यावं लागणारे दम्याचे ३२ रुग्ण होते. निम्म्यांना १२ आठवडे २०० मिलिग्रॅम सिनिओल दिवसातून तीनदा दिलं, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. सिनिओल घेणाऱ्यांचा स्टेरॉइडचा डोस सरासरी ३६ टक्क्यांनी कमी करता आला, दुसऱ्या गटात फक्त ७ टक्क्यांनी. २००४ साली सायनसची सूज असलेल्या १५२ रुग्णांवरच्या चाचणीत आठवड्याभरात डोकेदुखी, नाक चोंदणं ही लक्षणं सिनिओलच्या गटात स्पष्टपणे जास्त उतरली. २००९च्या आणखी एका चाचणीत सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसलेल्या, २४२ रुग्णांना हिवाळ्याचे सहा महिने नेहमीच्या औषधांबरोबर सिनिओल दिलं, तेव्हा त्यांचा आजार उसळण्याचं प्रमाण कमी झालं. सिनिओल शरीरातल्या दाह वाढवणाऱ्या काही रेणूंची निर्मिती दाबतं आणि चिकट कफ हलका करतं, असं या सगळ्यातून दिसतं. वासाने वाटणारा गारवा आणि पोटातून मिळणारा हा परिणाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग बाटलीतलं तेल प्यायला काय हरकत, असं कुणीही विचारेल. हरकत मोठी आहे. ती कॅप्सूल शुद्ध आणि मोजलेल्या सिनिओलची असते, तिच्यावर असं आवरण असतं की ती जठरात न फुटता आतड्यात विरघळते, आणि ती डॉक्टरांनी निवडलेल्या मोठ्या माणसांना त्यांच्या देखरेखीखाली दिलेली असते. बाटलीतल्या थेंबाचा आकार ठरलेला नसतो, बूच ढिलं असलं की धार लागते. तेलात सिनिओलखेरीज आणखी बरंच काही असतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे हे तेल इतकं पातळ असतं की गिळताना जरा ठसका लागला तर ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. तेव्हा सिनिओलची कॅप्सूल हवीशी वाटली तर आपल्या डॉक्टरांशी बोला. दम्याचा पंप किंवा इतर औषधं त्यासाठी स्वतःहून बंद करू नका. त्या चाचण्यांतल्या लोकांची मूळ औषधं चालूच होती.

आता मुलं. लहान मुलाच्या चेहऱ्याजवळ निलगिरी, कापूर किंवा मेन्थॉल आलं तर त्याच्या स्वरयंत्राचे स्नायू एकदम आवळले जाऊ शकतात आणि श्वास अडकू शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने निलगिरी तेल ३० महिन्यांखालच्या मुलांना पूर्णपणे वर्ज्य सांगितलं आहे ते याचसाठी. छातीला चोळायचे जे तयार मलम मिळतात त्यांच्यावरही दोन वर्षांखाली वापरू नये असं लिहिलेलं असतं, कारण त्यांत कापरासोबत निलगिरीही असते. छातीला लावलेलं मलम मुलाच्या हाताला लागतं, हात तोंडात आणि डोळ्यांत जातो, हे वेगळं सांगायला नको.

चोंदलेल्या नाकाने बाळाला दूध ओढता येत नाही, आईबाप रात्रभर जागतात, आणि काहीतरी केलंच पाहिजे असं वाटतं. त्यासाठी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, म्हणजे ०.९ टक्क्यांचं सलाइन, दूध पाजण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत दोन-दोन थेंब घाला आणि मऊ रबरी पंपाने हलकेच शेंबूड ओढून घ्या. दूध-पाणी थोडं थोडं पण वारंवार द्या. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला खोकल्यासाठी रात्री झोपण्यापूर्वी अर्धा चमचा मध देता येतो. एक वर्षाच्या आत मध देऊ नका. आणि मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याच वेळी डॉक्टरांकडे न्या.

निलगिरीच्या विषबाधेची बरीच प्रकरणं एकाच पद्धतीने घडतात. रात्रीची वेळ, मंद दिवा, खोकल्याच्या औषधाची छोटी तपकिरी बाटली आणि निलगिरीची छोटी तपकिरी बाटली एकाच कप्प्यात. आजी चमचा भरते आणि नातवाच्या तोंडात घालते. मूल किंचाळतं तेव्हा चूक कळते. लहान मुलाला दोन-तीन मिलिलिटर तेलानेही त्रास होऊ शकतो, आणि पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, जिवावर बेतू शकतो. तोंडात आग, उलट्या, श्वासाला निलगिरीचा वास, चालताना झोक जाणं, मग गुंगी, आकडी, बेशुद्धी असा क्रम बहुधा अर्ध्या तासात सुरू होतो, पण कधी काही तास उशिराही. मुलाने तेल प्यायलं असेल किंवा नुसती शंका असेल तरी उलटी करवू नका. उलटीबरोबर तेल वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते. दूध किंवा तूप पाजू नका. तोंड पुसून घ्या, बाटली हातात घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. मूल हसत-खेळत असलं तरी जा, तिथे त्याला काही तास नजरेखाली ठेवतील.

आकडीचा मुद्दा मोठ्यांनाही लागू आहे आणि तो पुरेसा बोलला जात नाही. सिनिओल आणि कापूर हे दोन्ही मेंदूला चेतवणारे पदार्थ आहेत. फिट येण्याचा आजार असलेल्यांना, आणि क्वचित तो नसलेल्यांनाही, असं तेल पोटात गेल्यावर, इतकंच काय, भरपूर हुंगल्यावर किंवा अंगभर चोळल्यावरही झटके आल्याची प्रकरणं मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. घरात कुणाला फिट येत असतील तर निलगिरी आणि कापूर असलेली तेलं, बाम, वाफाऱ्याच्या गोळ्या, सगळंच बाजूला ठेवा. पहिल्यांदाच झटका आलेल्या रुग्णाच्या घरच्यांना मी आवर्जून विचारतो: आदल्या दिवशी काही चोळलं होतं का, वाफ घेतली होती का?

गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईनेही ते पोटात घेऊ नये. छातीला लावलं तर बाळ तिथेच तोंड लावणार, तेव्हा तेही नको.

अंगदुखीला निलगिरीचा उपयोग होतो. त्वचेवर लावल्यावर गारवा, मग उष्णता जाणवते, आणि या जाणिवेपुढे खालच्या स्नायूचं दुखणं मेंदूला कमी जाणवतं. कोरियात गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या ५२ रुग्णांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निलगिरी हुंगणाऱ्यांनी दुखणं कमी असल्याचं सांगितलं. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण चुकीच्या दिशेचा नाही. तेल नुसतं मात्र चोळायचं नाही. ३० मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात १२ थेंब, म्हणजे सुमारे दोन टक्के, हे मोठ्या माणसाला पुरतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास पाहा. लाली, खाज, पुरळ आली तर विषय संपला. चोळलेल्या जागी गरम पिशवी ठेवू नका आणि घट्ट पट्टी बांधू नका, दोन्हींमुळे त्वचा भाजल्यासारखी होते. जखमेवर, खरचटलेल्या जागी, चेहऱ्यावर नको. हात साबणाने धुऊनच डोळ्यांना लावा. डोळ्यात गेलंच तर साध्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धरा आणि मग डॉक्टरांना दाखवा.

काही प्रसिद्ध माउथवॉशमध्ये युकॅलिप्टॉल ०.०९२ टक्के असतं, थायमॉल, मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटच्या जोडीला, आणि दातांवरचा थर व हिरड्यांची सूज कमी करायला हे मिश्रण मदत करतं. हा आकडा वाचला की घरी पाण्यात थेंब टाकून गुळण्या करण्याचा विचार सोडून द्यावा लागतो. तेल पाण्यात मिसळतच नाही, आणि तो थेंब जसाच्या तसा जिभेला किंवा गालाच्या आत चिकटून चरचरतो.

दातांवरून एक मजेची गोष्ट आठवली. रूट कॅनालमध्ये भरलेला गटापर्चा, म्हणजे रबरासारखा चिवट पदार्थ, पुन्हा काढायची वेळ आली की काही दंतवैद्य तो मऊ करायला युकॅलिप्टॉल वापरतात. चिकट, डिंकासारख्या गोष्टी विरघळवणं हा या तेलाचा स्वभावच आहे, आणि घरकामात त्याचा खरा फायदा इथे आहे. काचेच्या बरणीवरच्या लेबलाचा उरलेला चिकटा, कापडाला चिकटलेलं च्युइंगगम, चपलेच्या तळाला लागलेलं डांबर, चिकटपट्टीचे काळे पडलेले डाग. कापसावर दोन थेंब घ्या, डागावर दाबून मिनिटभर ठेवा, गोलाकार पुसा आणि नंतर साबणाच्या पाण्याने धुवा. रॉकेल किंवा थिनर घरात वापरण्यापेक्षा मी हेच सुचवेन. कापडाच्या आतल्या शिवणीवर आधी करून पाहा. पॉलिश केलेलं लाकूड, रंगवलेले पृष्ठभाग, थर्माकोल आणि काही प्लास्टिक या तेलाने खराब होतात, तिथे हात लावू नका.

पांघरुणांतल्या धूळकिड्यांवरही, म्हणजे घरच्या धुळीत राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांवरही, ते काम करतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं की ०.२ टक्के निलगिरी तेल साबणाने पाण्यात नीट मिसळून त्यात अर्धा तास कपडे भिजवले तर बहुतेक किडे मरतात. पण ५० लिटर पाण्याला हे प्रमाण १०० मिलिलिटर तेल होतं. ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतल्यानेही किडे मरतात. म्हणून निलगिरीचा मार्ग फक्त लोकरी किंवा नाजूक कपड्यांसाठी ठेवा, जे गरम पाणी सोसत नाहीत.

फरशीच्या पाण्यात थेंब टाकल्याने घर छान वासाचं होतं, माश्या-मुंग्या काही वेळ कमी फिरकतात. जंतुनाशक म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवू नका. प्रयोगशाळेत हे तेल अनेक जंतूंना मारतं हे खरं, पण बादलीभर पाण्यातल्या चार थेंबांत ते बळ उरत नाही. सुगंध म्हणजे शुद्धी ही समजूत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रोमजवळच्या त्रे फॉन्ताने मठातल्या साधूंनी मलेरियाला आळा बसावा म्हणून निलगिरीची झाडं लावली, आणि पानांचा वास दूषित हवा शुद्ध करतो असं अनेकांना वाटे. झाडं दलदलीचं पाणी शोषून घेतात, तेवढा त्यांचा हातभार असू शकतो. पण मलेरियाचे परजीवी डासात असतात हे १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी दाखवलं तेव्हा वासाचा मुद्दा निकालात निघाला.

डासांपुरतं बोलायचं तर साधं निलगिरी तेल त्वचेवरून लवकर उडून जातं, तेव्हा फार काळ संरक्षण देत नाही. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून तयार केलेलं पीएमडी नावाचं द्रव्य मात्र खरोखर परिणामकारक आहे आणि तेच असलेलं, प्रमाण छापलेलं उत्पादन निवडावं. तेही तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत लहान मुलांसाठी मच्छरदाणीला तोड नाही.

दोन धोके घरकामाच्या ओघात विसरले जातात. पहिला आगीचा. हे तेल साधारण ४८ अंशांच्या पुढे तापलं की त्याच्या वाफा ठिणगीने पेट घेऊ शकतात. पेटत्या गॅसजवळ, मेणबत्तीजवळ ते ओतू नका, आणि तेल पुसलेलं फडकं कपडे सुकवण्याच्या यंत्रात घालू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळवा. दुसरा पाळीव प्राण्यांचा. मांजराच्या यकृताला अशी रसायनं निचरायला लागणारी यंत्रणा अपुरी असते, कुत्र्यांनाही तेल चाटल्याने त्रास होतो, आणि पक्ष्यांची फुप्फुसं तर फारच नाजूक. कोआला दिवसभर निलगिरीची पानं खाऊन जगतो तो त्याच्या यकृतातल्या खास विकरांच्या बळावर, बाकीच्या प्राण्यांना ती देणगी नाही. वास पसरवणारं यंत्र लावायचंच असेल तर खिडकी किलकिली ठेवून अर्धा तास, आणि प्राणी व लहान मुलं दुसऱ्या खोलीत.

अंगणात झाड असेल तर पानांचा वापर तेलापेक्षा सौम्य. पाच-सात पानं धुऊन गरम पाण्यात टाकून ठेवली की न्हाणीघरात पुरेसा वास पसरतो. पानांचा काढा पिण्याबद्दल विचाराल तर झाडाची जात नक्की माहीत नसताना मी तो घ्यायला सांगणार नाही.

बाटली गडद काचेची, थेंब मोजता येणाऱ्या झाकणाची आणि शक्यतो मुलांना सहज न उघडणारी घ्या. हवा आणि उजेड लागून तेल जुनं होतं, त्याचा वास टर्पेंटाइनसारखा होतो, ते दाट-चिकट वाटतं आणि असं तेल त्वचेला जास्त झोंबतं. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि वर्ष-दीड वर्षाने बदला. ती औषधांच्या कप्प्यात ठेवू नका, खोकल्याच्या औषधाशेजारी तर मुळीच नको. फरशीच्या आणि कपडे धुण्याच्या सामानाबरोबर, मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर आणि कुलपात ठेवा. लेबल निघालेली, आत नक्की काय आहे ते सांगता न येणारी बाटली घरात असेल तर ती आजच काढून टाका.